बाबांच्या हाताचा कल

आमच्या घरी सकाळ व्हायची ती बाबांच्या कमानीच्या आवाजानं. कमानी म्हणजे लाकडात जाळी कापायची हातआरी. लोखंडी पट्टी वाकवून तिच्या दोन टोकांत दोऱ्यासारखं बारीक पातं ताणलेलं असतं. संध्याकाळी काम संपलं की बाबा तिचा ताण काढत आणि म्हणत, "मानूस असो का पातं, संध्याकाळी ढिलं करा लागते, नाहीतर तुटते." सकाळी चहाच्या आधी पुन्हा ताण चढवत आणि अंगठ्याच्या नखानं पातं छेडून पाहत. टिंग असा आवाज आला की आत मायला कळे, आता आधण ठेवायचं. माझा उजवा खांदा आता वर जात नाही. सदऱ्यात हात घालायला नातीला हाक मारावी लागते. पण ते टिंग अजून कानात आहे. बाकी पुष्कळ गेलं. त्या आवाजाचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून लिहून ठेवतो. शाळा माझी चौथीपर्यंतची. ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं मनात दुरुस्त करून घ्यावं, मला येऊन सांगू नये.

घर महाल नावाच्या जुन्या वस्तीत, गल्लीच्या पार टोकाला, दोन खोल्यांचं. पुढची पडवी हाच आमचा कारखाना. बाबा जमिनीवर बसून काम करत. बूड जमिनीला टेकल्याशिवाय हाताला अक्कल येत नाही असं त्यांचं म्हणणं. पायाच्या अंगठ्यानं आणि गुडघ्यानं फळी उभी धरायची, कमानीची मूठ छातीपाशी, आणि ओढायचं. मागच्या खोलीत माय भुशाच्या शेगडीवर स्वयंपाक करी. पत्र्याच्या डब्यात बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, बाटली काढली की मधे धुराडं तयार होतं, मग खालून पेटवायचं. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी. एखाद्या दिवशी पातोडीचा रस्सा झाला तर गल्लीभर वास जाई आणि शेजारची पोरं उगाच आमच्या दारावरून चकरा मारत. जेवणं उरकली की माय पडवीत येऊन बसे. बांबूच्या काडीला काचपेपर गुंडाळून बाबांनी कापलेल्या जाळीची भोकं ती आतून घासून गुळगुळीत करी. फळी मांडीवर पालथी घ्यायची आणि मागून घासायचं. नेहमी मागून. असं का, ते मी कधी विचारलं नाही. तिला तसं सोपं जाई, एवढंच माहीत.

माझं नाव गुणवंत. म्हणजे घरात आणि गल्लीत गुण्या. आता सुताराच्या घरी गुण्या म्हणजे काटकोन पाहायचं लोखंडी हत्यार. बाबा आल्यागेल्याला सांगत, "माह्या घरी दोन गुण्या आहेत. त्यातला लोखंडाचा तेवढा सरळ आहे." लोक हसत. मीही हसत असे, पण ते लागायचं. कारण मी त्यांच्याजवळ बसून जाळी कापायला शिकलो होतो, कमानी त्यांच्याइतकीच ओढत होतो, फळी तीच, पातं तेच, कागदावरचं फूल तेच; आणि तरी त्यांची जाळी कागदातून कातरल्यासारखी नाजूक दिसे आणि माझी भाकरीतून उंदरानं खाल्ल्यासारखी. बोटभर जाड सागवान दोघांचं. त्यांच्या जाळीची जाडी नजरेला दिसतच नसे. देवघराला लावली, आत समई पेटवली, की वाटे नुसती रेघारेघांची रांगोळीच उभी आहे. "हाताची गोष्ट आहे," बाबा म्हणत. हाताची म्हणजे काय, हे त्यांनाही सांगता येत नसे. मी मिशा फुटलेला माणूस झालो तरी गिऱ्हाईक दारात येऊन विचारी, "मिस्त्री घरात आहे का?" मी समोर बसलेला असे. मला मिस्त्री व्हायचं होतं. दुसरं काही मला येत नव्हतं आणि नकोही होतं.

मग बाबांचा खांदा धरला. एकदम नाही. आधी ते कमानी ओढता ओढता थांबून खांदा चोळत, मग माय रात्री तिळाचं तेल कोमट करून लावी, मग एक दिवस पाण्याचा तांब्या तोंडापर्यंत नेताना हात अर्ध्यात अडकला. त्या वेळी गांधीबागेतल्या एका कापडवाल्या शेठजीचं देवघर पडवीत उभं होतं. त्याला तीन बाजूंनी जाळी लावायची होती. डावी बाजू बाबांनी कापून ठेवली होती, उजवी आणि मागची राहिली होती. माझ्या हातची जाळी त्यांच्या शेजारी लावली तर आंधळ्यालाही फरक दिसला असता. त्याच दिवसांत माझे भाऊजी, म्हणजे ताईचे मालक, कळमेश्वराहून आले. तिथल्या औद्योगिक वसाहतीत ते एका कारखान्यात होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ते म्हणाले, "गुणवंताले लावून देतो. पत्रा कापाच्या खात्यात जागा आहे. पुढच्या रविवारी येतो न्याले, मंग जागा राहनार नाही." माय भुसा ठासत राहिली.

मी म्हटलं, मला मशीन पाहिजे. सदर भागातल्या एका हत्यारांच्या दुकानात मी ती पाहून आलो होतो. शिवणाच्या मशीनसारखीच, खाली पायडल, चाक, चामड्याचा पट्टा. फक्त सुईच्या जागी पातं, उभं, वरखाली नाचणारं. दोन्ही हात फळी फिरवायला मोकळे. ती कशी आणली त्याचा हिशेब मी इथं मांडणार नाही. मामानं मदत केली, एवढं पुरे. बाबा खूप वेळ खांदा धरून बसले होते. मग म्हणाले, "आन. पन एक आयक. त्या मशीनची जाळी माह्या जाळीच्या बाजूले ठेवाची. मले फरक दिसला नाही तर तू घरी राह्य, मिस्त्री हो, काय व्हाचं ते हो. दिसला, तर मशीन वापस अन् तू जवाईबापूसंग कळमेश्वरले. मंग कटकट नाही."

"नाही करत कटकट," मी म्हटलं.

"तू? मायच्या पोटात होता तवाही करत होता," माय आतून म्हणाली.

मशीन सायकलरिक्षात उभी बांधून आली. गल्लीच्या तोंडापासूनच वरात निघाली. शेजारचा पानठेलेवाला ओरडला, "काय गा मिस्त्री, टेलर झाला का? माह्या बायकोचे दोन झंपर टाकू काय शिवाले?" बाबा एरवी उलट बोलले असते. त्या दिवशी नुसते दारात उभे राहिले, जखडलेला हात दुसऱ्या हातात धरून. मायनं हळदकुंकू लावलं, चाकापाशी नारळ फोडला, आणि विचारलं, "इले स्टूल लागते का? जमिनीवर बसून नाही होत?" स्टूल लागत होतं. आमच्या घरात स्टूल नव्हतं. सुताराच्या घरी बसायला काही नसतं, सगळं गिऱ्हाइकाचं. मग मी संत्र्याच्या दोन पेट्या एकीवर एक ठोकून बसायला केलं.

नवी मशीन आणली आणि पाय ठेवला की चालली, असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. आमच्या पडवीची फरशी कुठं उंच, कुठं खोल. चार पायांपैकी एक हवेत. मी मशीनच्या टेबलावर ताटात पाणी ओतून ठेवलं, पाणी ज्या कडेला जाई तिकडच्या पायाखाली लाकडाची चिपट सरकवत गेलो, तेव्हा ती उभी राहिली. मग पट्टा. जास्त ताणला तर पायडल दगडासारखं, ढिला ठेवला तर चाक नुसतं फिरतं आणि पातं जागेवर. मग पातं. बाबांनी शिकवलेला नियम, पात्याचे दात मुठीकडं. पण मशीनला मूठ कुठं? वरून मोठा लोखंडी हात येत होता, मी तोच मूठ समजलो आणि दात वर करून पातं बसवलं. पायडल मारलं तर फळी टेबलावर थाडथाड उडायला लागली. पातं वर जाताना तिला उचली, खाली येताना आपटी. घरातली भांडी वाजली. पडवीबाहेर जमलेली पोरं टाळ्या वाजवू लागली.

बाबा हसले. खांदा धरल्यापासून पहिल्यांदा हसले. "गुण्या, बाई नाचून राहिली का गा? घुंगरू आनू?"

मी पातं काढून उलटं केलं. दात खाली. आता फळी टेबलाला चिकटून बसली आणि पातं मुकाट्यानं कापायला लागलं. ताण किती द्यायचा ते मशीनवर कुठं लिहिलेलं नव्हतं. मी खिट्टी पिळत गेलो आणि नखानं छेडत गेलो. आधी थड असा मेलेला आवाज, मग टण, मग बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "अजून." मी आणखी पिळलं. टिंग. आत मायनं भाकर थापता थापता हाक दिली, "चहा ठेवू काय?" भर दुपार होती.

दोनतीन दिवस मी संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या कापल्या. पाय आणि हात यांचं भांडण मिटवायलाच एक दिवस गेला. घाई केली की पातं तुटे, ते तुटताना कानाजवळ चाबकासारखं वाजे. आणि एक गोष्ट कळली ती खाच पडून पडून कळली. वळणात पाय थांबवायचा नाही. थांबलं की पातं तिथंच दात रोवून उभं राहतं, पुन्हा पायडल मारलं की झटका बसतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी, फुलाच्या पाकळीवर, खाच. मग ती कशानंच जात नाही. कोणी हाक मारो, घर पडो, वळण पुरं करायचं आणि मग थांबायचं. मायची वेगळीच तक्रार. "हा भुसा मैद्यावानी आहे. जळत नाही, नुसता धुपते. तुह्या मशीनपायी भाकरी कच्च्या राहून राहिल्या." दोन दिवस आम्ही सगळे खोकत जेवलो.

मग मी लोखंडी गुण्या टेबलाला लावून पातं सुतासारखं सरळ केलं, सागवानाचा एक तुकडा घेतला आणि शेठजीच्या जाळीतलं मोठं फूल कापलं. कड अशी साफ की बाबांच्या हातानंही तशी आली नसती. बाबांनी तयार करून ठेवलेल्या जाळीशेजारी तो तुकडा उभा केला आणि दारातून पाहिलं. भाकर. तीच उंदरानं खाल्लेली भाकर, फक्त उंदीर हुशार. बाबांची रांगोळी आणि माझी फळी. बाबांनी एकदा पाहिलं आणि खांदा चोळत बसले. रागावले असते तर भांडता आलं असतं.

शनिवारची दुपार होती. दुसऱ्या दिवशी भाऊजी येणार. मी उंबऱ्यावर बसलो आणि उठावंसं वाटेना. आता म्हातारपणी जो थकवा आहे तो मी पहिल्यांदा त्या दिवशी पाहिला. त्यात अंग थकत नाही, हट्ट थकतो. माय काचपेपरची काडी घेऊन आली, माझा तुकडा तिनं सवयीनं मांडीवर पालथा घेतला आणि घासायला बोट घातलं. बोट अडकलं. तिनं तुकडा उलटा केला, पुन्हा पालथा केला. मग बाबांची जाळी ओढली आणि तिच्या भोकात मागून करंगळी घातली, पुढून घालून पाहिली.

"हे काहून अडते?" ती म्हणाली.

"काय अडते?" मी म्हटलं.

"तुह्या बापाची जाळी मागून मोकळी असते. मागून करंगळी जाते, पुढून नाही जात. तुही दोन्हीकडून सारखीच. माह्या बोटाले मागून घेतच नाही."

मी जाळी हातात घेतली. इतकी वर्षं मी ती पुढून पाहत आलो होतो. पालथी करून पाहिली तर प्रत्येक भोक मागं पसरट, पुढं निमुळतं. लाकडाच्या कडा आत कललेल्या. म्हणून समोरून जाडी दिसत नव्हती. जाडी होती, ती मागं लपलेली होती. मी बाबांना म्हटलं, "हे तुम्ही मुद्दाम करता?"

बाबांनी स्वतःची जाळी दुसऱ्याच्या घरची असावी तशी उलटीपालटी केली. "मले काय मालूम," ते म्हणाले. मग, जरा चोरट्यासारखं, "माहं कोपर बाहेर जाते ओढताना. लहानपनी त्यापायी बुवानं मारलं मले. सरळ धर म्हने, पातं तिरपं जाते. मारून मारून थकला, पन कोपर काही आत आलं नाही."

बुवा म्हणजे माझे आजोबा. ज्या खोडीसाठी त्यांनी पोराला मारलं त्या खोडीची लोक गांधीबागेतून येऊन तारीफ करून जात होते.

मशीनच्या टेबलाखाली एक चावीसारखा नट होता. तो ढिला केला की टेबल एका बाजूला कलतं. दुकानदारानं बजावलं होतं, "उसको हात मत लगाना भाई, सीधा ही रखना." मी बाबांना म्हटलं, खाली बसा. त्यांना रोजच्या जागेवर बसवलं, गुडघ्याला फळी टेकवली, हातात कमानी दिली. ओढायची नाही, नुसती धरायची. खांद्यातून कळ निघत होती, कपाळावर घाम आला, पण कोपर आपली जुनी जागा शोधत बाहेर गेलं आणि तिथं थांबलं. मी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घेतली आणि फळी व पातं यांच्या मधल्या कोपऱ्यात बसेल अशी वाकवली. "लवकर कर बापा," ते म्हणाले. मग तीच पट्टी मशीनच्या टेबलावर, पात्याला टेकवून उभी केली आणि टेबल कलवत गेलो. पट्टी आणि पातं यांच्यामधली उजेडाची फट मिटली तिथं नट आवळला. टेबल असं वाकडं दिसत होतं की कोणी म्हटलं असतं, पोरानं मशीन मोडली.

दुसरा तुकडा कापला. पुढून पाहिला. अर्धं फूल बाबांचं आणि अर्धं त्याहूनही वाईट. काही पाकळ्या नाजूक, काहींच्या कडा बाहेर उताण्या पडलेल्या, जाडी दाखवत. मी तो तुकडा भिंतीवर फेकून मारला. बाबांनी उचलला. एकेका भोकात बोट फिरवलं. मग विचारलं, "कोन्याकडून फिरवलं हे?"

"जिकडून जमलं तिकडून. मशीनले काय फरक पडते?"

"देवघराची जाळी आहे, गधड्या. देवाभोवती उलटं कोनी फिरते का? प्रदक्षिना घाल प्रदक्षिना. हरेक भोकाले. पोकळी उजव्या हाताले ठेवाची."

हे मला त्यांनी पूर्वीही सांगितलं होतं, आणि मी ते देवाधर्माचं समजून सोडून दिलं होतं. कमानीनं कापताना माझं पातं सरळच असे, त्यामुळं उलट फिरलं काय, सुलट काय, सारखंच. पण पातं एका बाजूला कललेलं असलं तर सुलट फिरताना भोक मागून मोकळं होतं आणि उलट फिरताना पुढून. बाबा ते देवासाठी पाळत होते. जाळीला ते लागत होतं, हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं, कारण बोलता बोलता ते थांबले आणि फुलाकडं पाहत राहिले.

"म्हणजे कसं? इथून चालू करू?" मी विचारलं.

"इथून नाही, तिथून. अरे तिथून. सरक. सरक तिकडे, दाखवतो."

मी पेट्यांवरून उठलो. बाबा बसले. आयुष्यात कामाला बसताना त्यांचे पाय पहिल्यांदा जमिनीवरून सुटले होते. पायडलवर पाय ठेवला तो आधी उलटा पडला, चाक मागं फिरलं, माय हसली. मग सुरू झालं. फळी दोन्ही हातांनी टेबलावर नुसती वळवायची होती, हात छातीच्या वर न्यायची गरजच नव्हती. खांद्याला काही कामच नव्हतं. पहिल्या वळणावर ते पाहायला थांबले. मी ओरडलो, "थांबू नका! वळणात पाय थांबवाचा नाही. खाच पडते. कोनी हाक मारली तरी पुरं करा, मंग थांबा."

"बरं बाप्पा, मिस्त्री," बाबा म्हणाले.

मला आयुष्यात त्यांनी मिस्त्री म्हटलं ते तेवढंच.

ते फूल पुरं झालं. मी तुकडा त्यांच्या जुन्या जाळीशेजारी उभा केला. कुठलं कमानीचं आणि कुठलं मशीनचं, मला ओळखता येईना. मायनं मागून करंगळी घातली आणि मान हलवली. अट मी पुरी केली होती. बाबांनी तुकड्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "ती उजव्या बाजूची मोठी फळी आन," ते म्हणाले. मी आणली. नक्षीचा कागद चिकटवून ठेवलेलाच होता. भोकं पाडून दिली. पातं एका टोकानं सोडायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा ताणायचं, हे दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं आणि नखानं छेडून पाहिलं. संध्याकाळ झाली, मायनं दिवा आणून ठेवला, तरी पायडलचा आवाज थांबला नाही. कित्येक महिन्यांनी ते काम करताना गुणगुणत होते. मी पेट्यांजवळ उभा होतो. मग उंबऱ्यावर जाऊन बसलो. मशीन मी त्यांच्या हाताच्या मापानं बसवली होती. पट्टी त्यांच्या कोपराची, फिरणं त्यांच्या देवाचं. मग तिच्यावर दुसरं कोण बसणार होतं?

रात्री जेवताना माय म्हणाली, "दोघं मिळून करा की गा. बाबाले भोकं पाडून दे, पातं ओवून दे, थकले की तू बस." तिचं खरं होतं. पण पातं ओवून देणं, भोकं पाडून देणं, म्हणजे मी पुन्हा तोच, दारात बसलेला, ज्याला विचारतात मिस्त्री घरात आहे का. बाबा काही म्हणाले असते तर मी राहिलो असतो. ते भाकर कुस्करत म्हणाले, "मागची फळी उद्या लावतो." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. अट होती हेच ते विसरले होते. ज्याला आपला हात परत मिळाला त्याला दुसरं काय आठवणार?

लोक नंतर म्हणत, गुणवंतानं बापासाठी त्याग केला. त्यागबिग काही नव्हता. मला राग आला होता, आणि राग सांगायची लाज वाटत होती, म्हणून निघालो. कळमेश्वरात मी आयुष्यभर पत्रा कापला. तिथल्या मशीनला टेबल होतं, ते कलत नव्हतं. शेठजीचं देवघर गेलं, तिन्ही बाजू पाहून शेठजी "बढिया" म्हणाले असं मायनं सांगितलं. बाबांनी त्यानंतर पुष्कळ वर्षं जाळी कापली आणि कमानी खुंटीलाच राहिली. आता मशीन माझ्याकडं आहे. जावई म्हणतो, भंगारवाला चांगला आहे, बोलावू का. त्याला म्हटलं, आधी मला दे त्याला. तो नट मी कधी ढिला केला नाही. रिटायर झाल्यावर तिच्यावर बसून पाहिलं, प्रदक्षिणेनंच फिरवलं, जाळी येते ती बाबांची येते. माझी कशी आली असती ते आता कळायचं नाही, आणि कळून घ्यायचा उत्साहही राहिला नाही.

त्या रविवारी भाऊजी सकाळीच आले, ऊन व्हायच्या आधी एसटी पकडायची म्हणून. पडवीत पायडल चालू होतं. मायनं फडक्यात भाकरी आणि जवसाची चटणी बांधून दिली. भाऊजी बाबांना मोठ्यानं म्हणाले, "मामाजी, नेतो बरं का गुणवंताले." बाबा मागच्या फळीच्या मधल्या फुलावर होते. मी पिशवी खांद्याला लावली आणि दारात उभा राहून म्हटलं, "बाबा, जातो."

"येतो म्हन," माय आतून म्हणाली. "येतो म्हनावं गा."

मी म्हटलं नाही. बाबांनी मान खाली ठेवूनच हलवली. पाय थांबवला नाही. मी क्षणभर उभा राहिलो, मग उतरलो. गल्लीच्या तोंडापर्यंत पायडलचा आवाज येत होता, एकसारखा. पाकळी अर्ध्यात होती. तिथं थांबलं की खाच पडते, हे मीच त्यांना आदल्या दिवशी शिकवलं होतं.